विहार-बंधारा, खाजगी : सुरक्षा व निगा

नौकाविहार, गळाने मासेमारी किंवा शेतघरापुढे पाणी असावे या हौसेखातर खाजगी जमिनीतला ओढा अडवून घातलेला लहान बांध. तो बहुधा मातीच्या भरावाचा असतो. मध्य प्रदेशात ज्याला ‘स्टॉप डॅम’ म्हणतात तो काँक्रीटचा ठेंगणा बांध येथे अभिप्रेत नाही. पाणी माथ्यावरून जावे अशीच स्टॉप डॅमची रचना असते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, तर भराव काही तासांत धुऊन जाऊ शकतो.

ग्वाल्हेर संस्थानात माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांच्या कारकिर्दीत शिवपुरीस मनियर नदीचे पाणी अडवून सख्यासागर तयार झाला. त्याचे साल सामान्यतः १९१८ दिले जाते. विहार व पाणीपुरवठा हे दोन्ही हेतू त्यात मिसळलेले दिसतात, त्यामुळे या प्रकाराचा उगम केवळ राजविलासात शोधणे बरोबर वाटत नाही. २०२२ मध्ये हा जलाशय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला.

या भागातील बांधांच्या सुरक्षेचा विचार तिघऱ्यापासून करावा लागतो. ग्वाल्हेरला पाणी देणारे सांक नदीवरील हे सु. २४ मी. उंचीचे दगडी धरण १९१६ च्या सुमारास पुरे झाले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये फुटले. मृतांचा आकडा सु. १,००० दिला जातो. प्रत्यक्षात तो अधिक असावा, असेही सुचवले गेले आहे. कारणाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार सु. ४०० मी. लांबीत ०·८५ मी. उंचीचा प्रवाह माथ्यावरून गेला आणि बांधकामाचे दोन मोठे खंड जागचे सरकले. दुसऱ्या मतानुसार पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले व आधार गेला. ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. पायाखाली शिरलेले पाणी बांधाला खालून वर रेटते. त्यामुळे पायाशी असलेले घर्षण घटते आणि पुराचा वाढलेला दाब बांधाला सरकवू शकतो. फ्रान्समधील बूझे धरण १८९५ मध्ये फुटल्यानंतर या उत्थापक दाबाकडे स्थापत्यविशारदांचे लक्ष वळले, पण त्याचा हिशेब सर्वत्र रूढ व्हायला काळ लागला. तेव्हा पायातला पाझर हे मूळ आणि पूर हे निमित्त मानणे अधिक सयुक्तिक ठरते. धरण १९२९ मध्ये पुन्हा बांधले गेले. विहार-बंधाऱ्याचा पाया तपासताना खडक लागला एवढ्यावर समाधान मानू नये, त्याच्या भेगा पाहाव्यात, हा तिघऱ्याचा धडा आहे.

निव्वळ करमणुकीच्या बांधाचे सर्वांत दारुण उदाहरण अमेरिकेतले. पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरण मासेमारी व शिकारीच्या एका खाजगी क्लबाच्या मालकीचे होते. बग्ग्यांना रस्ता मिळावा म्हणून माथा खाली आणला होता, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर) जाळ्या बसवल्या होत्या, आणि पाणी सोडण्याचे तळाचे नळ आधीच्या मालकाने काढून विकल्यावर पुन्हा घातले नव्हते. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि जॉन्सटाउनसह खालच्या वस्त्यांतील २,२०९ माणसे गेली. यातली प्रत्येक गोष्ट सोय किंवा शोभा म्हणून आजही केली जाते. तळे काठोकाठ हवे, पाळीवर सावलीची झाडे हवीत, माथ्यावर गाडी जावी, मासे राहावेत. विहाराची प्रत्येक इच्छा बांधाच्या हिताविरुद्ध जाते, हे मालकाने बांधण्यापूर्वीच जाणून घेतले पाहिजे.

निगेत सांडवा पहिला. तो भरावावर न ठेवता बाजूच्या मूळ जमिनीत काढावा आणि त्यात जाळी, फळ्या किंवा जलपर्णी अडकू देऊ नये. पाळीवर गवत चालते, झाड नाही. मुळे कुजली की तिथून पाण्याला वाट मिळते. घुशी, साळिंदर व खेकडे यांची बिळे मातीने ठोकून बुजवावीत. तिवरे (जि. रत्नागिरी) धरण २ जुलै २०१९ रोजी फुटल्यावर खेकड्यांवर बराच वाद झाला; बिळे धोक्याची हे खरे असले, तरी ती वेळेवर बुजवणे हे माणसाचेच काम आहे. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात चिकण मातीला भेगा पडतात, त्या मृगापूर्वी भराव्यात.

पायथ्याशी थोडा, नितळ, स्थिर पाझर सहसा चालतो. तो गढूळ झाला किंवा वाढू लागला, तर बांधाच्या पोटातली माती वाहून जात आहे असे समजावे. पाझराचे तोंड बुजवू नये. पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग खडी पसरावी, म्हणजे पाणी निघते पण माती अडते. त्याच वेळी तळ्याची पातळी उतरवावी. मात्र ती एकदम खाली नेल्यास आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो. भराव शाबूत असेल तर दिवसाला साधारण एक फूट हा ढोबळ ठोकताळा आहे. भाद्रपदात, गणपती विसर्जनाच्या सुमारास, तळे भरलेले असते. शेवाळलेल्या सांडव्यावर कोणालाही उभे राहू देऊ नये.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ मुख्यतः १५ मी.हून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मी. उंचीच्या धरणांना लागू आहे. विहार-बंधारे बहुधा त्याबाहेर राहतात. म्हणून दायित्व संपत नाही. इंग्लंडमध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) या खटल्यात, जमिनीत साठवलेले पाणी निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर मालक जबाबदार, असे तत्त्व ठरले. मद्रास इलाख्यातील कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील भारतासाठीचे लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालय; १८७४) त्याला या तत्त्वातून वगळले. कारण ते तलाव राखणे हे रयतेसाठीचे त्याचे परंपरागत कर्तव्य होते. हौसेच्या तळ्याला ही सवलत मिळणे अवघड दिसते. खालच्या अंगाला राहणाऱ्या कुटुंबांचे फोन नंबर जवळ ठेवणे आणि पाळीवर काही वावगे दिसताच त्यांना रात्री-अपरात्रीही कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे.