पिकअप कमी होणे (मोटारगाडी)

ॲक्सिलरेटर दाबूनही गाडीने नेहमीच्या जोमाने वेग न घेणे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात याला ‘गाडी वडंना झालीय’ म्हणतात. कन्नड बोलणारे गिऱ्हाईक ‘पिकअप इल्ला’ म्हणत तीच तक्रार घेऊन त्याच मेस्त्रीकडे येते. हा स्वतंत्र बिघाड नव्हे, अनेक बिघाडांचे लक्षण आहे. सपाट रस्त्यावर ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. महामार्गावरच्या वंटमुरी घाटात किंवा गोव्याहून चोर्ला, अनमोड चढताना मात्र उघडे पडते.

इंजिन ताकदच देत नाही, की दिलेली ताकद चाकांना मिळत नाही, हे आधी ठरवावे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४०-५० किलोमीटर वेगात वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज आणि फेरे चढले, पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अर्ध्या क्लचवर चढ काढला की प्लेट जळते, आणि त्याचा करपट वास गाडीत शिरतो. चढावर क्लचवर गाडी तोलून धरण्यापेक्षा हँडब्रेक ओढणे केव्हाही स्वस्त. ब्रेक चिकटला असला तरी गाडी जड होते. थोडे अंतर चालवल्यावर एकच रिम तापलेली लागली की शोध संपला. टायरमधली हवा पाहायला तर मेस्त्रीही लागत नाही.

दोष इंजिनातच असेल, तर सुरुवात हवेपासून करावी. खानापूरकडची तांबडी धूळ कागदी एअर फिल्टरच्या घड्यांत बसते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. फिल्टरवर बाहेरून जोरात हवा मारल्यास धूळ आणखी आत जाते. हवा आतून बाहेर, बेताच्या दाबाने मारावी. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीत हवेची रबरी नळी म्हणजे होज फाटली की दाबलेली हवा वाटेतच निसटते: चढावर ‘फुस्स’ असा आवाज, मागे काळा धूर आणि होजच्या जोडावर तेलाचा ओलावा. एवढ्यावरून नवा टर्बो बसवायला सांगणाऱ्याकडून गाडी परत आणावी.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब पणजीपेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. ‘गोव्यात गाडी बरी पळते’ हे म्हणणे अगदीच खोटे नाही, आणि तेवढ्यासाठी गॅरेज गाठायची गरजही नाही.

इंधनाच्या बाजूला तुंबलेला फिल्टर, कमजोर पंप आणि घाण साचलेले इंजेक्टर येतात. पेट्रोल गाडीत झिजलेला स्पार्क प्लग किंवा गेलेली कॉइल मिसफायर करते, म्हणजे ठिणगी चुकून इंधन नीट पेटत नाही, आणि गाडी हिसके देते. इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत होणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर इंजेक्शनच्या गाड्या इंधनाचे प्रमाण स्वतः जुळवून घेतात, म्हणून त्यांत फरक मुख्यतः मायलेजमध्ये दिसतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या ओम्नीला ती सोय नाही. ती ऐन वेग घेताना अडखळते. इथेनॉल पाणीही शोषते, तेव्हा पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये.

बीएस-६ डिझेल गाडीची अडचण निराळी. टिळकवाडी ते कॅम्प एवढीच रोजची फेरी झाली तर डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचलेली काजळी जळण्याइतकी उष्णता तयार होत नाही. डीपीएफ तुंबला की इंजिनाचा संगणक ताकद आवरतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा नुकताच लागला असेल, तर धारवाडच्या दिशेने २० मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यावर बहुधा तो विझतो. दुर्लक्ष केल्यास स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र) लावून जबरीने काजळी जाळावी लागते.

स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो, पण कोड म्हणजे निदान नव्हे. हवेच्या सेन्सरचा कोड आला म्हणून नवा सेन्सर घातला जातो आणि गाडी तशीच राहते. शेताजवळ, गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत एअर फिल्टरचा डबा आधी उघडावा. उंदराने तिथे पाचोळ्याचे घरटे केलेले निघते.