ऊन लागलं की काळवंडणारी खनिजं

सोलापूरच्या उन्हात वाळत घातलेल्या चादरीचा रंग विटतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. काही खनिजांचं मात्र उलटं: ती उजेडात काळवंडतात. ‘ऊर्जेचे’ खडे विकणारे लगेच सांगतात, खड्याने तुमची पीडा ओढून घेतली. हलका होतो तो फक्त खिसा!

बारावीच्या प्रॅक्टिकलला क्लोराइडच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की दह्यासारखा पांढरा साका येतो. परीक्षानळी खिडकीत राहिली तर तो जांभळट, मग करडा होतो. हेच सिल्व्हर क्लोराइड निसर्गात क्लोरार्जिराइट म्हणून मिळतं, चिलीतल्या अटाकामासारख्या कोरड्या मुलखात. सुरीने कापता येईल इतकं मऊ.

त्याच्या स्फटिकात चांदीचे धन आणि क्लोरीनचे ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आळीपाळीने बसलेले असतात. जांभळा किंवा अतिनील किरण पडला की क्लोराइडकडचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी अडकतो. चांदीचे काही आयन जागा सोडून भटकत असतातच. त्यातला एखादा तिथे येतो, इलेक्ट्रॉन घेतो, चांदीचा अणू होतो. एकटा अणू टिकत नाही, इलेक्ट्रॉन पुन्हा निसटतो. तेवढ्यात आणखी अणू जमून चारेकांचा पुंजका झाला, तर मात्र तो टिकतो आणि वाढत जातो. आहे चांदीच, पण इतक्या बारीक कणांत ती चकाकत नाही, प्रकाश गिळते. लाल उजेड कितीही प्रखर असो, त्याच्या एकेका फोटॉनात, म्हणजे प्रकाशाच्या कणात, इलेक्ट्रॉन सोडवण्याइतकी ऊर्जाच नसते. १८०१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रिटरने वर्णपटात जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, सिल्व्हर क्लोराइड ठेवलं, आणि तिथेच ते सर्वांत झपाट्याने काळं पडलं. अतिनील किरण सापडले ते असे.

पैंजण काळे पडतात त्याचा उजेडाशी संबंध नाही, नजर लागण्याशी तर नाहीच. ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांचं काम. हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, तोही उजेडात काळवंडतो. मनशीळ, म्हणजे आर्सेनिकचं तांबडं खनिज, मात्र पिवळी पडून तिचा भुगा होतो, कारण तिच्यातल्या अणूंची मांडणीच बदलते.

क्लोरार्जिराइटमधला सुटा झालेला क्लोरीन उडून जातो, म्हणून काळेपणा कायमचा. उन्हात गडद होणाऱ्या जुन्या काचेच्या चष्म्यांत असेच चांदीचे क्षार असतात, पण काचेत कोंडलेले. काहीच बाहेर जात नाही, त्यामुळे सावलीत काच पुन्हा निवळते. हे निवळणं उष्णतेने वेगात होतं. म्हणून सोलापुरात मे महिन्याच्या भर दुपारी असा चष्मा थंडीतल्यापेक्षा फिकाच राहतो. त्यावरून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.