कनेक्टेड नेटवर्क जाहीर करण्याच्या दोन वाटा: पार्श्वभूमी

हिंजवडीच्या ऑफिसात नवा व्हीलॅन (स्विचवर वेगळं पाडलेलं आभासी नेटवर्क) काढला, राउटरवर त्याला आयपी दिला, म्हणजे ते राउटरला थेट जोडलेलं 'कनेक्टेड' नेटवर्क झालं, तरी खराडीच्या राउटरला त्याचा पत्ताच नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. ओएसपीएफमध्ये (राउटरांनी एकमेकांना रस्ते, म्हणजे रूट, कळवण्याचा प्रोटोकॉल) 'नेटवर्क' कमांड टाक, नाहीतर 'रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड' देऊन मोकळा हो.

पहिली वाट रिप या जुन्या राउटिंग प्रोटोकॉलच्या काळातली. रिपचं आरएफसी (प्रोटोकॉलचा अधिकृत दस्तऐवज) १९८८ चं. त्याच्या अपडेटमध्ये सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) जातच नसे, त्यामुळे कमांडमध्ये अख्खा क्लास (पत्त्यांचा ठरावीक आकाराचा गट) लिहायचा आणि त्यात बसणारा राउटरचा प्रत्येक इंटरफेस (जोडणीचं तोंड) आत घ्यायचा. १९९३ मध्ये सीआयडीआर (/२४ सारखी हवी ती मास्कची लांबी देणारी पद्धत) आलं, क्लास मोडीत निघाले. कमांडची पद्धत मात्र राहिली.

गोंधळ इथेच होतो. ओएसपीएफमध्ये ही कमांड नेटवर्क जाहीर करत नाही, इंटरफेस निवडते. १०.०.०.० आणि ०.२५५.२५५.२५५ असा वाइल्डकार्ड (उलटा मास्क) लिहिला म्हणून १०.०.०.०/८ बाहेर जात नाही, इंटरफेसवर १०.२०.४०.१/२४ असेल तर जातं १०.२०.४०.०/२४. बीजीपीत (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांमधला राउटिंग प्रोटोकॉल) हीच कमांड उलट वागते: लिहिलेला प्रीफिक्स (नेटवर्कचा पत्ता आणि मास्कची लांबी) राउटिंग टेबलमध्ये तंतोतंत हवा, इंटरफेसशी देणंघेणं नाही.

दुसरी वाट सोपी, म्हणून लोकप्रिय. एक ओळ टाकली की राउटरवरचं झाडून सगळं कनेक्टेड बाहेर: गेस्ट वायफाय, प्रोव्हायडरकडची /३० लिंक, कुणीतरी टेस्टिंगला काढलेला लूपबॅकसुद्धा (राउटरमधला आभासी इंटरफेस). रूट-मॅप (कुठले रूट जावेत ते ठरवणारी गाळणी) लावून आवरता येतं, पण घाईत तो लावतो कोण? शिवाय हे रूट एक्स्टर्नल, म्हणजे ओएसपीएफबाहेरून आणलेले, ठरतात. खराडीत ते ई२ (एक्स्टर्नल टाइप २) म्हणून दिसतात, मेट्रिक (रस्त्याचा खर्च) डिफॉल्ट २०, मध्ये कितीही राउटर आले तरी २०च. स्टब एरियात (बाहेरचे रूट न घेणारा ओएसपीएफचा विभाग) तर एक्स्टर्नल रूटला प्रवेशच नाही. 'नको त्या इंटरफेसवरून हॅलो (शेजारचे राउटर शोधणारे संदेश) जातात' ही नेटवर्क कमांडविरुद्धची तक्रार खरी, पण त्यावर 'पॅसिव्ह इंटरफेस' हा उतारा आहे. रूट जातो, हॅलो जात नाही.

पुढे आयपीव्ही६ साठी १९९९ मध्ये ओएसपीएफव्ही३ आलं आणि कॉन्फिग थेट इंटरफेसखाली गेलं. नंतर आयपीव्ही४ लाही ती सोय मिळाली. नवीन बांधणीत हीच पद्धत बरी.

जुन्या शाखांच्या राउटरवर मात्र दोन्ही ओळी शेजारीशेजारी सापडतात. त्यातली नेटवर्कची ओळ 'डुप्लिकेट' म्हणून कुणी उडवली की इंट्रा-एरिया (त्याच एरियातला) रूट ई२ होऊन बसतो. पिंग चालूच राहतो, त्यामुळे तिकीटही (तक्रारीची नोंद) पडत नाही.