घुम्या आणि घुमट

घरात मला 'घुम्या' म्हणत. नाव आजीने ठेवलेलं. पाहुणे आले की मी माडीवर, पाहुणे गेले की खाली, म्हणून. चाळिशी उलटली तरी हा क्रम फारसा बदलला नव्हता, फक्त माडीची जागा मोबाइलने घेतली होती.

मी राहतो चोडणला आणि नोकरी पणजीत. चोडण हे मांडवीतलं बेट, त्यामुळे रोज सकाळी फेरीबोटीने रायबंदर गाठायचं. पाच-सात मिनिटांचा प्रवास. दुचाकीवाले गाडीवरून उतरत नाहीत, कित्येकजण हेल्मेटसुद्धा काढत नाहीत. माझ्या शेजारी बहुतेक रोज एक निळी स्कूटर उभी राही. तिच्या मालकाच्या हेल्मेटवर डावीकडे गेलेला चरा मला पाठ होता, माणूस नव्हता. सहा वर्षं आम्ही अशी शेजारी शेजारी उभं राहून मांडवी ओलांडली आणि एकमेकांना साधं 'कसं काय' म्हटलं नाही.

गंमत म्हणजे संवाद माझ्या डोक्यात रोज होई. मी काहीतरी बोलणार, तो 'आं?' करणार, इंजिनाच्या आवाजात मी तेच पुन्हा ओरडून सांगणार, आणि मग उरलेला वेळ दोघांनीही खारफुटीकडे बघत काढायचा. वर उद्या परत तोच माणूस आणि तीच बोट! त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

हा अंदाज कितपत खरा ठरतो, हे निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन मानसशास्त्रज्ञांनी शिकागोच्या लोकल गाडीत तपासलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही प्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला आणि काहींना नेहमीसारखं वागायला. उतरताना विचारलं, तर बोलणाऱ्यांचा प्रवास सगळ्यांत मजेत झाला होता. आणखी काही प्रवाशांना कुणाशीही न बोलता नुसता अंदाज करायला सांगितला होता. त्यांनी बरोब्बर उलटं उत्तर दिलं.

२०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढची खोच दाखवली. दोन अनोळखी माणसांना पाचेक मिनिटं बोलायला लावलं आणि मग प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं, समोरचा तुला कितपत आवडला, आणि त्याला तू कितपत आवडला असशील? सरासरीने लोकांनी स्वतःला कमी गुण दिले. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण समोरच्याला जास्त आवडलेलो असतो. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज महिनोन्‌महिने टिकलेला दिसला. बुजऱ्या माणसांत ही तफावत जास्त मोठी होती. मला हे वाचून आधी बरं वाटलं आणि मग सहा वर्षांचा हिशेब आठवून वाईट.

इथे एक शब्द नीट लावून घेऊ. बुजरा आणि अंतर्मुख एकच नव्हेत. बुजऱ्याला माणसांत जायचं असतं, पण धाकधूक होते. अंतर्मुखाला धाकधूक होईलच असं नाही, त्याला थोडी माणसं पुरतात. जोनाथन चीक आणि आर्नल्ड बस यांनी १९८१ मध्येच या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजून दाखवल्या. मराठीत तर माणूसघाणा, एकलकोंडा, मुखदुर्बळ, भिडस्त अशी मोठी वरात आहे आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं. माझ्यात अंतर्मुख आणि भिडस्त दोन्ही होते, आणि दोघांनी मिळून घर चालवलं होतं.

अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी रूढ केली मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने, १९२१ साली. तिला मेंदूपर्यंत नेलं लंडनच्या हान्स आयझेंकने. त्याचं म्हणणं असं की अंतर्मुखाच्या मेंदूचा दिवा मुळातच जरा मोठा असतो. बाहेरून थोडा उजेड आला तरी त्याचे डोळे दिपतात. यासाठी लिंबाचा एक झकास प्रयोग आहे, तो घरीही करता येतो. कापसाच्या काडीला मधोमध दोरा बांधायचा. एक टोक जिभेवर वीस सेकंद धरायचं, मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून दुसरं टोक तेवढाच वेळ धरायचं. काडी दोऱ्याने उचलली की ज्याला लाळ जास्त सुटली त्याची काडी लिंबाच्या बाजूला झुकते. अंतर्मुखांची सरासरीने जास्त झुकते, असं १९६०च्या दशकात दिसलं होतं. माझी चांगलीच झुकली. बायकोची आडवीच राहिली. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण ती गोष्ट घरात अजून चघळली जाते.

आयझेंकचं चित्र पुढच्या संशोधनात जरा विस्कटलं. आता बऱ्याच जणांचा भर डोपामीन या मेंदूतल्या रसायनावर आहे. नवीन माणसं, गलका, बक्षिसाची शक्यता यांनी बहिर्मुखाचा मेंदू जास्त हुरळतो, असं ते म्हणतात. स्वभावाचा मोठा भाग उपजत असतो हे मात्र टिकलं. जुळ्यांच्या अभ्यासांत बहिर्मुखतेतल्या माणसामाणसांमधल्या फरकांपैकी साधारण निम्मा वाटा अनुवंशाकडे जातो. हार्वर्डच्या जेरोम केगनने चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास दिले. पाचातलं एखादं बाळ हातपाय झाडून रडू लागे, आणि मोठेपणी नव्या माणसांपासून दूर राहणारी मुलं बऱ्याचदा याच गटातून निघत. २००३ मध्ये त्याच परंपरेतल्या एका अभ्यासात, आयुष्याच्या दुसऱ्या वर्षात बुजणारी मुलं विशीत आल्यावर त्यांना अनोळखी चेहरे दाखवले, तेव्हा त्यांच्या मेंदूतला अमिग्डला हा भाग इतरांपेक्षा जास्त चाळवला. आजी म्हणायची, 'जन्माचाच घुम्या.' ती निम्मी बरोबर होती.

उरलेल्या निम्म्याची सुरुवात एका जुलैत झाली. रायबंदरच्या धक्क्यावर पाऊस आडवा आला आणि आम्ही सगळेच पत्र्याच्या आडोशाला दाटीने उभे राहिलो. निळ्या स्कूटरवाल्याने हेल्मेट काढलं आणि विचारलं, "खंयच्या वाड्यावयलो रे तूं?"

गोव्यात हा प्रश्न म्हणजे किल्लीच. तुम्ही वाडा सांगता, तो घर विचारतो, मग आजोबांचं नाव, मग त्यांच्या मावसबहिणीचं सासर, आणि बोट लागेपर्यंत तुम्ही कुठून तरी सोयरे निघालेले असता. शिकागोत हवामानावर बोलावं लागतं, आपल्याकडे वंशावळ तयार असते. अनोळखी माणूसच दुर्मीळ, म्हणून परदेशातले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावताना मी जरा हात आखडता घेतो. पण डोक्यातली भीती तीच होती, आणि ती तितकीच चुकीची निघाली. तो स्कूटरवाला घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरत्या म्हणणाऱ्या पथकात शामेळ हे काड्यांनी वाजवायचं वाद्य वाजवायचा. म्हणाला, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तालमी सुरू झाल्यात, ये.

गेलो. कसा गेलो ते मला अजून कळलेलं नाही. देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस जण मांडी घालून, ट्यूबलाइटभोवती पाखरं, आणि मधोमध चार-पाच घुमटं. मी खांबाआड जागा शोधत होतो. एका म्हाताऱ्याने मान वर न करता म्हटलं, "हांगा बस मरे. कासाळें धर. मागीर पळोवया." हातात काशाच्या झांजांची जड जोडी आली आणि संपलं. कुणी माझी ओळख करून दिली नाही, कुणी 'दोन शब्द सांगा' म्हटलं नाही. ताल चुकला की म्हातारा मांडीवर थाप मारून दाखवी, एवढाच संवाद. दोन तासांत मी एकूण दहा वाक्यं बोललो नसेन.

घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवतात, लहान तोंड मोकळं. उजव्या हाताने चामड्यावर थाप द्यायची आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत आत कोंडलेल्या हवेला वळण द्यायचं. तोंड झाकलं की आवाज दबतो, हात काढला की तो गोल होऊन बाहेर पडतो. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. मला घुमट हातात मिळायला दुसरी चवथ उजाडावी लागली. तोवर कासाळे.

या मांडी घालून बसण्यात काय घडत होतं, ते मला नंतर ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि मंडळींच्या कामात सापडलं. प्रौढांच्या छंदवर्गांत सात महिने त्यांनी दोन प्रकारचे गट बघितले. काही गाण्याचे, तर काही हस्तकला आणि लेखनाचे. गाणारे लोक पहिल्या महिन्यातच एकमेकांच्या जवळ आले. बाकीच्यांनी त्यांना सात महिन्यांत गाठलं खरं, पण पहिला बर्फ गाण्याने फोडला. आणि गंमत अशी, की यासाठी एकमेकांची माहिती लागत नाही. गाणं, नाच, ढोल वाजवणं यानंतर माणसाची वेदना सोसायची ताकद वाढते, हेही त्याच गटाने रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळून तपासलं होतं. एंडॉर्फिन नावाची शरीरातलीच वेदनाशामकं त्या वेळी सुटतात, असा त्यावरून कयास. एका तालात पंधरा हात पडू लागले की अंगात काहीतरी सैल होतं हे भजनी मंडळात बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. घुम्याला हे फार सोयीचं, कारण नजर वाद्यावर असते. समोरासमोर बसून कॉफी प्यायला बोलावलं असतं तर मी आजारी पडलो असतो.

मैत्रीला तास किती लागतात? कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉलने नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी यांना विचारून अंदाज बांधला. ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास, खरा मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० हून जास्त. ऑफिसात शेजारी बसून काढलेले तास यात फारसे धरले जात नाहीत, एकत्र घालवलेला मोकळा वेळच चालतो. मी हिशेबनीस, म्हणून हिशेब मांडला. तालमी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दोन-दोन तास म्हणजे ३६. चवथीचे पाच दिवस घरोघरी आरत्या, रोजचे पाच तास म्हणजे २५. एका हंगामाचे ६१. म्हणजे पहिल्या चवथीला जुजबी, दुसरीला मित्र, चौथीला जिवलग. प्रत्यक्षात शामेळवाला दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या रात्री इस्पितळात बसला होता. हॉलच्या तक्त्यापेक्षा थोडा आधीच.

आता कुणी म्हणेल, झाला बहिर्मुख! तर नाही. आणि व्हायचा प्रयत्न केला तर त्याची किंमत पडते, तीही मोजलेली आहे. कॅनडात जॉन झेलेन्स्कीने दाखवलं की अंतर्मुखांना थोडा वेळ मोकळंढाकळं वागायला लावलं तर मजा येते, आणि ती येईल असं त्यांना आधी वाटत नसतं. पण २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात हाच प्रकार आठवडाभर करायला लावला, तेव्हा जास्त अंतर्मुख असलेल्यांना फायदा कमी झाला, थकवा आला आणि आपण सोंग करतोय असं वाटू लागलं. फिनलंडमधल्या एका अभ्यासात माणसांत मिसळल्यावर त्या वेळी बरं वाटलं, पण तीनेक तासांनी शीण जाणवला. तो बहिर्मुखांनाही जाणवला! 'अंतर्मुखाची बॅटरी उतरते' हे वाक्य हल्ली फार फिरतं, बॅटरी सगळ्यांचीच उतरते.

मग बदलतं काय? अमेरिकेत नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना पंधरा आठवडे दर आठवड्याला छोटी छोटी कामं निवडायला दिली, दुकानदाराशी दोन शब्द बोल या जातीची. ज्यांनी ती केली त्यांचा स्वभाव मोजपट्टीवर थोडासा सरकला. नुसती इच्छा असलेल्यांचा सरकला नाही. आणि कामं अंगावर घेऊन न करणारे काही बाबतींत उलट्या दिशेला गेले. माझा सरकला असेल तर तेवढाच. ऑफिसच्या सहलीला मी अजूनही जात नाही. बोटीवर मात्र हेल्मेट काढतो.

चवथीच्या रात्री आमचं पथक सहा-सात घरं घेतं. चौथ्या घरापर्यंत मी ठीक असतो, पाचव्यात कान भरून येतात, माटोळीतल्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवातल्या, प्रत्येक फळाकडे दोनदा बघून होतं. सुरुवातीला मी काहीतरी थाप मारून निसटायचो. आता शामेळवालाच घड्याळ बघून माझ्याकडे भुवई उडवतो. मी घुमट शेजारच्याकडे सरकवतो आणि मागच्या दाराने अंगणात येतो. गेल्या वर्षी पहिल्याच घरातल्या वहिनींनी दारातच कागदाची पुडी हातात ठेवली होती. दोन नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वर बॉलपेनने लिहिलेलं, 'घुमो'. हे नाव त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी घरी जाताना वाटेतच एक खाल्ली. मागे पाचव्या घरात आरतीची लय चढत होती, आणि माझ्या जागी बसलेल्या पोराचा डावा हात तोंडावरून जरा उशिरा निघत होता.