मार्ग किती किलोमीटरचा, यापेक्षा किती तासांचा: सायकल सहलीपूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

आमच्याकडून सायकल घेऊन शहराबाहेरच्या रम्य मार्गांवर जाणारे बहुतेक ग्राहक सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतात: हा मार्ग किती किलोमीटरचा आहे? प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु केवळ त्याच्या उत्तरावर दिवसाचा बेत आखला, की संध्याकाळी ओढाताण होते. दुपारी चारला परत येऊ असे सांगून निघालेली मंडळी सात वाजता दमून, अंधारात, उपाशीपोटी परततात, आणि त्यांच्या सायकलीची वाट पाहणाऱ्या पुढच्या ग्राहकाला आम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागते. गिअर कसे बदलावेत, पंक्चर कसे काढावे, हे आपल्याला ठाऊक आहे असे आम्ही गृहीत धरतो. वेळेचा हिशोब मात्र चांगल्या सरावाच्या सायकलस्वारांचाही चुकतो, म्हणून हे पत्रक प्रामुख्याने त्याच विषयावर आहे.

चुकीचे मूळ एका समजुतीत आहे. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघतो, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. समजा, एका टेकडीवर जाणारा रस्ता 10 किलोमीटरचा आहे आणि त्याच रस्त्याने खाली यायचे आहे. सामानासह चढताना वेग ताशी 8 किलोमीटर पडला आणि उतरताना ताशी 30 किलोमीटर मिळाला, तर मनातल्या मनात आपण दोहोंची सरासरी 19 काढतो आणि 20 किलोमीटरला तासाभराहून थोडा अधिक वेळ धरतो. प्रत्यक्षात चढायला 75 मिनिटे आणि उतरायला 20 मिनिटे, म्हणजे एकूण 95 मिनिटे लागतात, आणि खरी सरासरी ताशी 13 किलोमीटरांच्याही आतच राहते. याचे कारण असे, की मंद वेगाने आपण बराच काळ जातो आणि भरधाव वेगाने अगदी थोडा काळ; सरासरी ठरते ती काळावर. उतारावर कितीही वेगाने आलात, अगदी शून्य मिनिटांत खाली पोहोचलात असे मानले, तरी चढावर खर्च झालेली 75 मिनिटे कमी होणार नाहीत. शिवाय वळणावळणाच्या, खडी पसरलेल्या वाटेवर उतरताना ताशी 30 किलोमीटरचा वेग धरणे सुरक्षितही नसते.

याच समजुतीचे दुसरे रूप म्हणजे, ज्या जागेवरून निघालो तेथेच परत यायचे असल्याने चढ-उतार एकमेकांना फिटतात, असे मानणे. मार्गाची खरी कसोटी असते एकूण चढाई, म्हणजे वाटेतल्या लहानमोठ्या सर्व चढांची बेरीज. नदीकाठच्या ज्या वाटेवर प्रत्येक ओढ्यापाशी 15 मीटर खाली उतरून पुन्हा तेवढेच वर यावे लागते, त्या वाटेवर असे वीस ओढे असतील तर एकूण चढाई 300 मीटर होते, जरी नकाशाकडे पाहून ती वाट सपाट वाटली तरी. समोच्च रेषांच्या नकाशात हे लहान चढ अनेकदा दोन रेषांच्या मध्ये लपून जातात. निरनिराळ्या मोबाइल नकाशांतही एकाच मार्गाच्या चढाईचे आकडे वेगवेगळे दिसतात, कारण उंचीची मूळ माहिती आणि ती गुळगुळीत करण्याची रीत प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून आमच्या मार्गपत्रिकांवरचे आकडे आम्ही स्वतः सायकलवरून तो मार्ग फिरून पडताळलेले आहेत.

आमचा हिशोब सोपा आहे. पक्क्या रस्त्यावर ताशी 15 किलोमीटर, कच्च्या वाटेवर ताशी 10 किलोमीटर, दर 100 मीटर चढाईला 5 मिनिटे, आणि जी बेरीज येईल तिचा पाचवा हिस्सा थांबण्यासाठी, पाणी पिण्यासाठी, छायाचित्रे काढण्यासाठी. उदाहरणार्थ, 24 किलोमीटर पक्का रस्ता, 12 किलोमीटर कच्ची वाट आणि 400 मीटर चढाई असलेल्या मार्गाला 96, 72 आणि 20 मिळून 188 मिनिटे होतात, आणि थांबे धरून जवळजवळ पावणेचार तास. हाच मार्ग केवळ 36 किलोमीटरचा म्हणून पाहणारा ग्राहक दोन तासांचा अंदाज बांधतो. हा ठोकताळा सावकाशीच्या बाजूला झुकलेला आहे, हे आम्ही मान्य करतो; परंतु वेळेआधी परत आल्याबद्दल आजवर आमच्याकडे कोणी तक्रार केलेली नाही, आणि दृश्य पाहण्यासाठी निघालेल्या माणसाला घड्याळाकडे पाहत पेडल मारावे लागू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

मध्यम आकाराच्या शहराचा मोठा लाभ हा, की पाऊण तासात वस्ती मागे पडते आणि मार्ग स्वतःचे रूप दाखवू लागतो. पहिल्या सहलीसाठी आम्ही बहुधा कालव्याकाठची वाट किंवा जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची वाट सुचवतो. कालव्यातले पाणी संथ राहावे म्हणून त्याचा काठ जवळजवळ समपातळीत असतो, आणि नावा चालणाऱ्या कालव्यावर चढ येतो तो केवळ जलपाशांपाशी, म्हणजे नावांना वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या कुंडांपाशी. रेल्वेमार्गाची गोष्टही तशीच आहे: लोखंडी रुळांवर लोखंडी चाके तीव्र चढावर घसरतात, म्हणून बांधणाऱ्यांनी डोंगर खोदून आणि दऱ्यांवर पूल टाकून चढ सहसा किलोमीटरला 20 मीटरांच्या आत ठेवला. इंजिनासाठी केलेली ती मेहनत आज सायकलस्वाराच्या गुडघ्यांना उपयोगी पडते. डोंगराच्या धारेवरची वाट सर्वांत सुंदर आहे यात शंका नाही, आणि ग्राहक प्रथम तीच मागतात. पण ती आम्ही पहिल्या सहलीला देत नाही.

या नियमाबद्दल काही ग्राहक नाराज होतात, म्हणून कारण सांगणे आवश्यक वाटते. धारेवरून मधूनच खाली उतरायला वाट नाही, आणि तेथे आमचे वाहन पोहोचत नाही. एकदा एक दांपत्य सूर्यास्तानंतर त्या वाटेच्या मध्यावर अडकले. साखळी तुटलेली होती, मोबाइलची बॅटरी संपत आली होती, आणि आम्हाला पायी चढून जाऊन त्यांना खाली आणायला तीन तास लागले. दोघेही सुखरूप होते, पण त्या तीन तासांत त्यांच्यापेक्षा आम्हीच अधिक घाबरलो होतो. तेव्हापासून प्रत्येक मार्गपत्रिकेच्या माथ्यावर ठळक अक्षरांत मागे वळण्याची वेळ लिहिलेली असते. आपण तेव्हा कोठेही असा, ठरलेले ठिकाण अगदी जवळ दिसत असले तरीही, त्या वेळी परत फिरावे अशी आमची आग्रहाची विनंती आहे. सायकल सूर्यास्तापूर्वी एक तास परत मागण्यामागेही हेच कारण आहे. दाट झाडीत उघड्या माळापेक्षा कितीतरी लवकर अंधारते. आमच्या प्रत्येक सायकलीला पुढे-मागे दिवे असतात, पण ते अडचणीच्या वेळेसाठी आहेत. त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

वाऱ्याचाही विचार निघण्यापूर्वी करावा. आपण ताशी 18 किलोमीटर वेगाने जात असताना समोरून ताशी 12 किलोमीटरचा वारा आला, तर अंगावर येणारी हवा ताशी 30 किलोमीटरची होते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो पावणेतीन पटींहून अधिक होतो. मोकळ्या माळावर दिवस तापतो तसा वारा बहुधा वाढत जातो. म्हणून सकाळी ताजेतवाने असताना वाऱ्याला तोंड देत जावे आणि परतताना त्याला पाठीशी घ्यावे, अशा दिशेने आम्ही त्या दिवशीचा मार्ग ठरवून देतो. मार्गाची दिशा उलट करू नका असे आम्ही सांगतो तेव्हा त्यामागे हा हिशोब असतो.

सामान जितके कमी तितके बरे. स्वार, सायकल आणि पिशव्या मिळून 90 किलो वजन असेल आणि त्यात 9 किलोंची भर पडली, तर तेवढ्याच श्रमात तीव्र चढ चढायला सुमारे दहावा हिस्सा वेळ अधिक लागतो. नको असलेले सामान आमच्याकडे कुलूपबंद कपाटात ठेवता येते, आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या जलरोधक पिशव्या सायकलीसोबतच मिळतात. पाठीवरची जड पिशवी कंबरेला आणि तोलालाही त्रासाची ठरते. टायरमधली हवा मात्र वाटेत कडक करू नये. कच्च्या वाटेसाठी आम्ही ती मुद्दाम, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून, थोडी मऊ ठेवतो, म्हणजे खडीवर चाक उसळत नाही आणि पकड टिकते.

खाण्यापिण्याबाबत फ्रान्समधले सायकल भ्रमंतीचे जुने पुरस्कर्ते पॉल द व्हिव्ही (1853–1930) यांचा सल्ला आम्ही पत्रिकेच्या मागे छापला आहे: भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे. सायकलीला अनेक गिअर असावेत यासाठीही ते आयुष्यभर झटले, आणि आमच्या सायकलींवरचा सर्वांत हलका गिअर वापरण्यात ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

आमच्या नकाशावर रस्त्यांची नावे कमी आणि क्रमांक अधिक दिसतील. प्रत्येक नाक्याला क्रमांक देऊन सायकलमार्गांचे जाळे विणण्याची ही रीत बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात 1995 मध्ये सुरू झाली, आणि तिची कल्पना एका खाण अभियंत्याने खाणीतल्या बोगद्यांच्या क्रमांकांवरून घेतली होती. या रीतीचा उपयोग असा, की थकवा आला तर कोणत्याही नाक्यावरून लहान वळसा निवडता येतो, आणि दूरध्वनीवर आपण केवळ शेवटचा क्रमांक सांगितला तरी आम्हाला आपली जागा नेमकी कळते.

सायकल राखून ठेवताना आपल्याबरोबर किती जण आहेत, सर्वांत कमी सराव कोणाचा आहे, त्यांनी अलीकडे सलग किती तास सायकल चालवली आहे आणि आपल्याला किती वाजता परत यायचे आहे, एवढे आधी कळवावे. वेग नेहमी सर्वांत कमी सरावाच्या व्यक्तीचा धरला जातो. त्यावरून आम्ही मार्ग, दिशा आणि मागे वळण्याची वेळ आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवतो. यासाठी वेगळे शुल्क नाही. ज्यांना धारेची वाट पाहायचीच आहे, त्यांच्यासाठी आमचा वाटाड्या पहाटे सोबत येतो, आणि त्या सहलीसाठी किमान दोन दिवस आधी नाव नोंदवावे.