फितुरी आणि शरणागती: ब्रिस्टल, 1643

फितुरी आणि शरणागती, दोन्हीचा शेवट एकच, शहर शत्रूच्या हाती जाणं. म्हणून रागाच्या भरात लोक दोघांनाही गद्दारी म्हणतात. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात ब्रिस्टलमध्ये एकाच वर्षी हे दोन्ही प्रकार घडले.

शहर पार्लमेंटच्या ताब्यात होतं, गव्हर्नर होता नथॅनियल फाइन्स. व्यापारी आणि माजी शेरीफ रॉबर्ट येमन्स आणि त्याचा साथीदार जॉर्ज बाउचर यांनी बेत रचला: 7 मार्चच्या रात्री चर्चच्या घंटा वाजवायच्या, फ्रोम दरवाजा आतून उघडायचा आणि बाहेर दबा धरलेल्या राजपुत्र रूपर्टच्या (राजाचा भाचा आणि सेनानी) फौजेला आत घ्यायचं. घंटा वाजण्याआधीच बिंग फुटलं. रूपर्टला हात हलवत परतावं लागलं आणि 30 मे रोजी दोघांना फाशी झाली.

येमन्सकडे राजाचं अधिकारपत्र होतं. त्याच्या लेखी तो निष्ठावंतच होता. राजाच्या बाजूने धमकी आली की या दोघांना मारलंत तर आमच्याकडच्या कैद्यांनाही फासावर चढवू. त्यावर फाइन्सचं उत्तर होतं की उघड रणात पकडलेला सैनिक वेगळा आणि गुप्त कट करणारा वेगळा. मला वाटतं, फितुरीची खूण इथेच सापडते. शहराच्या रक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना अंधारात ठेवून केलेला तो सौदा असतो.

शरणागती उघडपणे होते. ती सेनापती देतो, अटी ठरवून. 26 जुलैला रूपर्टने हल्ला चढवून तटबंदीला खिंडार पाडलं. सुमारे 1800 माणसांवर लांबलचक तटबंदी राखणाऱ्या फाइन्सने बोलणी केली आणि शहर सोडलं. तेव्हा मार्चमध्ये फितुरी मोडून काढणाऱ्या याच माणसावर डिसेंबरमध्ये लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्याला मृत्युदंड सुनावला गेला! पार्लमेंटचा सरसेनापती एसेक्स याच्या माफीमुळे तो वाचला. सेनापतीने वेळेआधी हार मानली का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो कुचराईचा प्रश्न आहे, फितुरीचा नव्हे.

पुढे सप्टेंबर 1645 मध्ये तेच ब्रिस्टल खुद्द रूपर्टने पार्लमेंटचा सेनापती फेअरफॅक्स याच्या हवाली केलं. राजाने संतापून त्याला पदावरून काढलं. ऑक्टोबरमध्ये नेवार्कच्या लष्करी चौकशीत मात्र त्याची निष्ठा निर्विवाद ठरली.