गॅरेजमध्ये न सापडणारी मिसिंग

"दादा, गाडी परत मिसिंग मारायला लागली." मामेभावाचा हा फोन गेल्या पावसाळ्यात चौथ्यांदा आला. त्याचा पिकअप जुना आहे, चार सिलिंडरचा, पेट्रोलच्या इंजिनाला मागाहून सीएनजी किट बसवलेला. सरकी पेंडीची पंधरा पोती भरून तो सासवडकडे निघाला की दिवे घाटात, दुसरा गिअर टाकून रेस दिली रे दिली, की इंजिन धडधडायचं आणि गाडी झटके द्यायची. वर सपाटीला आल्यावर सगळं ठीक. फिटरकडे नेल्यावर तर बोनेटखाली काही बिघडलंय यावर विश्वासच बसू नये. तीन ठिकाणी दाखवून झालं. फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, पेट्रोलचा पंपही नवा टाकला. मिसिंग तशीच.

शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून पुढे लिंबू-मिरची बांधली गेली आणि त्या दिवशी गाडी घाट सुरळीत चढली. घरातल्या सगळ्यांना पटलं. मी एवढंच विचारलं, "त्या दिवशी माल किती होता?" गाडी रिकामी होती. माझ्या दृष्टीने निदान तिथेच अर्धं झालं.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं. पेट्रोल किंवा गॅसच्या इंजिनात ते स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. (डिझेल पिकअपमध्ये ठिणगीच नसते, त्यामुळे पुढचं सगळं डिझेलला लागू नाही.) प्लगच्या टोकाशी साधारण ०.८ मिलिमीटरची फट असते. ती ओलांडायला किती व्होल्ट लागतात, यातच या दुखण्याचं मूळ आहे. आणि मला विचाराल तर शाळेत शिकवायला याहून सुंदर उदाहरण नाही.

हवा वीज वाहून नेत नाही. पण तिच्यात मूठभर सुटे इलेक्ट्रॉन कायम असतात, वैश्विक किरणांमुळे आणि जमिनीतल्या किरणोत्सारामुळे सुटलेले. फटीच्या दोन टोकांना व्होल्टेज दिलं की असा इलेक्ट्रॉन धावत सुटतो. वाटेत रेणूला धडकेपर्यंत त्याने पुरेसा वेग घेतला असेल, तर धडकेसरशी त्या रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन निखळतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि ठिणगी पडते. आता फटीत रेणूंची गर्दी वाढवा. पालखीच्या दिवशी दिवे घाटात धावून बघा. दोन पावलांवर कुणीतरी आडवं येतं, वेग घ्यायला जागाच मिळत नाही. इलेक्ट्रॉनचंही तेच होतं. तेवढ्या तोकड्या धावेत पुरेसा वेग यायचा तर जोर जास्त लावावा लागतो, म्हणजे व्होल्टेज वाढवावं लागतं. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये हा नियम प्रयोगाने मांडला: ठिणगीला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतं. तापमान बदलत असेल तिथे दाबाऐवजी घनता धरायची. हा गुणाकार फार लहान झाला तर व्होल्टेज उलट पुन्हा वाढू लागतं. हवेसाठी तळ साधारण ३३० व्होल्टला येतो. प्लग मात्र त्या तळापासून खूप दूर, मोठ्या गुणाकाराच्या बाजूला काम करतो, तिथे हिशोब जवळजवळ सरळ रेषेचा: गुणाकार दुप्पट तर व्होल्टेजही जवळपास दुप्पट.

हिशोब करून पाहू. साध्या हवेत दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. पिस्टन मिश्रण नऊपट दाबतो असं धरा. गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळपास बंद असतो, सिलिंडरमध्ये जेमतेम एक तृतीयांश हवा शिरते; दाबल्यावर घनता बाहेरच्या हवेच्या तिप्पट. ३ गुणिले ३,००० गुणिले ०.८ म्हणजे सुमारे ७,००० व्होल्ट. घाटात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर भरून हवा येते, घनता नऊपट होते, आणि त्याच फटीला २१,००० च्या वर व्होल्ट लागतात.

दुसरी गोष्ट पुष्कळ फिटरच्याही लक्षात येत नाही. प्लगला व्होल्टेज पुरवणारी कॉइल (तारेचं वेटोळं) दर वेळी आपलं पूर्ण व्होल्टेज देत नाही. तिच्यातला प्रवाह तोडला की व्होल्टेज चढू लागतं, आणि ज्या क्षणी कुठूनतरी वाट फुटते तिथेच थांबतं. समजा प्लगवायरच्या रबरी बुटाला, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या टोपीला, बारीक चीर आहे आणि तिच्यातून १५,००० व्होल्टला वीज इंजिनच्या धातूत उतरू शकते. उभ्या गाडीत ७,००० लाच प्लगची फट फुटते, चिरेची पाळीच येत नाही. घाटात मात्र व्होल्टेज २१,००० कडे चढत असताना वाटेत १५,००० ला चीर फुटते. वीज बाहेरच्या बाहेर जाते आणि सिलिंडर ठिणगीविनाच राहतो. पावसाळी दमट हवेत, ओल्या मळकट रबरावर ही वाट आणखी सोपी होते. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे बिघाड गॅसवर आधी उघडा पडतो. पेट्रोलवर टाकली की त्याची गाडी बऱ्यापैकी चढायची, ते यामुळेच. ठिणगी जोरदार करण्याच्या नावाखाली विकली जाणारी उपकरणं इथे काही कामाची नाहीत. कॉइल कितीही ताकदीची लावली तरी चीर १५,००० लाच फुटणार.

म्हणून एका रात्री आम्ही गाडी मोकळ्या जागेत उभी केली. आधी गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती नाही ना ते पाहिलं, मग दिवे मालवले. इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीने प्लगवायरींवर पाण्याचे तुषार मारले. काही दिसलं नाही. मग मी त्याला एकदम रेस द्यायला सांगितलं. थ्रॉटल अचानक उघडला की इंजिनाने वेग पकडायच्या आत सिलिंडर हवेने भरतो, म्हणजे क्षणभर घाटच तयार होतो. तिसऱ्या सिलिंडरच्या बुटाशी निळी रेघ चमकली. पुन्हा रेस, पुन्हा चमक. इंजिन बंद करून दोन आणि तीन नंबरच्या वायरींची अदलाबदल केली, तर चमक वायरीबरोबर दोनवर गेली.

सगळीच मिसिंग अशी नसते. उभ्या गाडीत होते आणि रेस दिल्यावर जाते, ती बहुधा इनटेकमध्ये (हवा आत जायच्या मार्गात) फटीतून बाहेरची हवा शिरत असल्यामुळे. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (मिश्रण दाबून धरणं) गेलं असेल तर ती दोन्हीकडे जाणवते. केव्हा होते आणि केव्हा होत नाही, हे फिटरला नीट सांगितलं तर निम्मे पार्ट बदलावेच लागणार नाहीत.

उजेडात तो बूट उलटा करून पाहिला. आतून पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ होती, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर तिची जोडीदार. तो कार्बन, म्हणजे विजेची पक्की पायवाट. नुसती वायर बदलली असती तर प्लगवरच्या रेघेने नवा बूटही जाळला असता, म्हणून दोन्ही बदललं. गॅससाठी प्लगच्या फटी फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) मोजून थोड्या कमी केल्या. दुसऱ्या दिवशी तो पंधरा पोती घेऊन गॅसवर घाट चढला. जुना बूट मी शाळेत नेला आहे. भिंगाखाली रेघेला फुटलेल्या बारीक फांद्यासुद्धा दिसतात.